बी. रामकृष्णराव : तीन भाषांच्या मंत्रिमंडळाचे मुख्यमंत्री

आमच्या आदिलाबादेतल्या मराठी घरांमध्ये यशवंतराव चव्हाणांचे नाव सर्वांना ठाऊक असते. वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण ही नावेही आपुलकीने घेतली जातात. पण आमच्या वडीलधाऱ्यांनी १९५२ साली आयुष्यात पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हता आणि आंध्र प्रदेशातही नव्हता. तो हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याला लोकांनी निवडून दिलेला एकच मुख्यमंत्री लाभला, तो म्हणजे बुर्गुल रामकृष्णराव. मराठवाड्यात त्यांना बी. रामकृष्णराव म्हणत.

हे तेलुगू गृहस्थ पुण्यात शिकलेले होते आणि त्यांना मराठी येत होते. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते मराठी माणसाकडे होते. विधानसभेचे सभापती मराठी होते आणि विरोधी बाकांवरच्या सर्वांत मोठ्या गटाचे नेतेही मराठीच होते. आज तेलंगणात राहणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. म्हणून हा परिचय.

पालमूरहून पुण्याला

रामकृष्णरावांचा जन्म १३ मार्च १८९९ चा. महबूबनगर म्हणजे जुन्या पालमूर जिल्ह्यातल्या कल्वकुर्ती तालुक्यात पडकल हे त्यांचे जन्मगाव. घराण्याचे मूळ आडनाव पुल्लमराजू. बुर्गुल या गावावरून त्यांना पुढे बुर्गुल म्हणू लागले. शालेय शिक्षण हैदराबादेत झाले. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले, त्यामुळे उर्दू आणि फारसी त्यांना लहानपणापासून अवगत झाली. संस्कृतचा व्यासंग होताच. पदवीसाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले आणि कायद्याची पदवी त्यांनी मुंबई विद्यापीठातून घेतली. टिळकांच्या अखेरच्या वर्षांतले पुणे त्यांनी पाहिले. मराठी शिकले ते तिथेच. परत येऊन हैदराबादेत वकिली सुरू केली आणि थोड्याच वर्षांत मोठे नाव मिळवले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव उमेदवारीच्या काळात त्यांच्या हाताखाली काम करत होते. तेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी. हरिभाऊ आपट्यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी तेलुगूत नेणारे तेच.

रामकृष्णरावांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात ज्या चळवळीतून झाली, तिच्या मुळाशी असलेला प्रसंग मराठी माणसाने विसरू नये असा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी नाट्यगृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत चालली होती. अल्लमपल्ली वेंकटराम राव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेत हुर्यो उडवली गेली आणि त्यांना बोलणे अवघड झाले. तेलुगू भाषिकांची संख्या राज्यात सर्वांत मोठी असताना त्यांच्या भाषेची ही गत झाली. सभा समाजसुधारणेची, अध्यक्षस्थानी कर्व्यांसारखा थोर माणूस आणि टवाळी करणाऱ्यांत आपली माणसे पुढे. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. माडपाटी हनुमंत राव त्याचे प्रमुख आधार होते आणि रामकृष्णराव सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत होते. या संघातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली. १९३१ साली देवरकोंडा येथे भरलेल्या तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद रामकृष्णरावांकडे होते.

या प्रसंगानंतर मराठी माणसांविषयी त्यांच्या मनात अढी राहिली असती तर ते स्वाभाविक होते. पण पुढची पस्तीस वर्षे त्यांनी मराठी सहकाऱ्यांबरोबर काम केले. १९३७ साली मराठवाड्यात महाराष्ट्र परिषद सुरू झाली, तिकडे कर्नाटक परिषद होती आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली. तिच्यावर निजामाने बंदी घातली. १९४२ च्या आंदोलनात रामकृष्णराव तुरुंगात गेले. १९४६ मध्ये बंदी उठल्यावर अध्यक्षपदासाठी स्वामी रामानंद तीर्थ आणि रामकृष्णराव अशी लढत झाली. स्वामीजी थोडक्या मतांनी निवडून आले. तेव्हापासून स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट पडले. हे गट केवळ भाषेवरून पडलेले नव्हते. स्वामीजींच्या बाजूला तेलुगू माणसे होती आणि रामकृष्णरावांच्या बाजूला मराठी.

अधिकारी आणि पुढारी एका टेबलावर

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्यात जनरल जयंतनाथ चौधरी यांचे लष्करी सरकार आले. २६ जानेवारी १९५० रोजी एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसचे चार जण त्यांच्या मंत्रिमंडळात घेण्यात आले : रामकृष्णराव, फुलचंद गांधी, विनायकराव विद्यालंकार आणि व्ही. बी. राजू. अर्धे अधिकारी, अर्धे पुढारी असे हे संमिश्र सरकार होते. त्यातही पुढाऱ्यांमध्ये दोन गट आणि तीन भाषा.

रामकृष्णरावांकडे महसूल खाते आले. तेलंगणात त्या वेळी जमिनीच्या प्रश्नावर कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा याच काळातला. संरक्षित कूळ हा शब्द आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या सातबाऱ्यांवर आणि पहाणीपत्रकांवर येतो, तो या कायद्यामुळे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले, तेव्हाही महसूल मंत्री तेच होते. पुढे १९५४ मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनी या कायद्यात दुरुस्ती करून जमीन धारणेवर कमाल मर्यादा आणली. देशातल्या बहुतेक राज्यांत तेव्हा हा विषय नुसता चर्चेत होता.

खातेवाटप

१९५२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. कम्युनिस्टांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवाद्यांना ११, शेतकरी कामगार पक्षाला १० आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ जागा होत्या, बाकीचे अपक्ष. स्वामीजी लोकसभेवर गेले. शादनगरहून निवडून आलेले रामकृष्णराव विधिमंडळ पक्षाचे नेते झाले आणि ६ मार्च १९५२ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

कागदोपत्री हे एका पक्षाचे सरकार होते. प्रत्यक्षात ते तीन भाषिक प्रदेशांचे आघाडी सरकार होते. राज्याचे १६ जिल्हे. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. शिवाय हैदराबाद शहर आणि उर्दू बोलणारा मोठा समाज. मंत्रिमंडळाची यादी वाचली की रामकृष्णरावांनी हे गणित कसे मांडले ते दिसते. गृहखाते मराठवाड्याच्या दिगंबरराव बिंदूंकडे. मराठवाड्यातूनच फुलचंद गांधी आणि देवीसिंग चौहान. हैदराबाद शहरातले विनायकराव विद्यालंकार हे केशवराव कोरटकरांचे चिरंजीव. कन्नड भागातून जगन्नाथराव चंडरकी आणि अण्णाराव गणमुखी. तेलंगणातून कोंडा वेंकट रंगा रेड्डी, तरुण डॉ. मर्री चेन्ना रेड्डी आणि व्ही. बी. राजू. शहरातून डॉ. मेलकोटे आणि नवाब मेहदी नवाज जंग. पुढे खात्यांची अदलाबदल झाली. अर्थखाते आधी मेलकोटेंकडे होते, ते नंतर विनायकरावांकडे आले. गोपाळराव एकबोटे शिक्षणमंत्री म्हणून आत आले. हेच पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

सभापतिपदी काशिनाथराव वैद्य होते. समोर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे नेते व्ही. डी. देशपांडे. देशपांडे निवडून आले होते वरंगळकडच्या इप्पगुडा मतदारसंघातून, म्हणजे निव्वळ तेलुगू मुलखातून. मतदाराने त्यांची मातृभाषा पाहिली नाही.

अशा मंत्रिमंडळात खाते बदलणे म्हणजे नुसते काम बदलणे नसते. एका मंत्र्याचे खाते हलवले की त्याच्या मागचा प्रदेश हलतो. बँकेत शाखाधिकाऱ्यांच्या बदल्यांच्या याद्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. कोणाला कुठे पाठवले यापेक्षा कोणाला का हलवले याचीच चर्चा जास्त व्हायची. रामकृष्णरावांपुढे तर तीन भाषा, दोन गट आणि एक भरभक्कम विरोधी पक्ष होता. तरीही साडेचार वर्षांत हे सरकार भाषेवरून फुटले नाही.

मुलकी आंदोलन

परीक्षा पहिल्याच वर्षी झाली. निजामाच्या काळापासून सरकारी नोकरीसाठी मुलकी म्हणजे राज्याचा रहिवासी असणे आवश्यक होते आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. पोलीस कारवाईनंतर मद्रास, मुंबई आणि मध्य प्रांताकडून अधिकारी, शिक्षक, कारकून मोठ्या संख्येने आले. खोट्या मुलकी दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या. जुलै १९५२ मध्ये वरंगळला विद्यार्थी रस्त्यावर आले आणि आंदोलन हैदराबादेत पोहोचले. ३ आणि ४ सप्टेंबरला शहरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली.

मुख्यमंत्री तेलुगू, गृहमंत्री मराठी, गोळ्या झेलणारी बहुतेक मुले तेलुगू. या घटनेला तेलुगू-मराठी भांडणाचे रूप देणे कोणालाही सोपे होते. सरकारचा दोष लहान नव्हता; पोरांवर गोळी चालवणारे सरकार कोणत्याही भाषेचे असो, त्याला जबाब द्यावाच लागतो. पण रामकृष्णरावांनी दोष मराठी गृहमंत्र्यावर ढकलून स्वतःच्या लोकांत वाहवा मिळवली नाही. जबाबदारी सबंध मंत्रिमंडळाची राहिली.

याच कारकिर्दीत हाली सिक्का मागे घेऊन भारतीय रुपया रूढ करण्याचे काम झाले. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये असा हिशेब असे. आमच्या आधीच्या पिढीतल्या बँक कर्मचाऱ्यांकडून त्या काळच्या दुहेरी हिशेबाच्या गोष्टी आम्ही ऐकलेल्या आहेत. संस्थानकाळात सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक २२ ऑक्टोबर १९५६ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी हैदराबाद राज्यच संपले. राज्य गेले, पण बँकेच्या पाटीवर मराठवाड्यात आणि आदिलाबादेत हैदराबादचे नाव २०१७ पर्यंत राहिले.

स्वतःची खुर्ची मोडणारा निर्णय

फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये हैदराबाद राज्य मोडावे असे सुचवले. मराठी जिल्हे मुंबईला, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगणाचे तूर्त वेगळे हैदराबाद राज्य. आंध्रात जायचे की नाही हे तेलंगणाने १९६१ च्या निवडणुकीनंतर दोन तृतीयांश बहुमताने ठरवावे, अशी ती शिफारस होती. शिफारस तशीच राहिली असती तर रामकृष्णराव मुख्यमंत्रिपदी राहू शकले असते.

त्यांचे मन सुरुवातीला दोलायमान होते. तेलंगणातले पुष्कळ लोक वेगळे राहू इच्छितात हे त्यांना ठाऊक होते आणि रंगा रेड्डी, चेन्ना रेड्डी हे त्यांचे सहकारी वेगळ्या राज्याच्या बाजूने होते. शेवटी त्यांनी विशालांध्राला पाठिंबा दिला. विधानसभेत मत मांडणाऱ्या १४७ सदस्यांपैकी १०३ विलीनीकरणाच्या बाजूने आणि २९ विरोधात बोलले. त्या १०३ मध्ये राज्यातून बाहेर पडणाऱ्या मराठी आणि कन्नड भागांचे आमदारही होते, हे नोंदवणे जरूर आहे. तेलंगणातल्या आमदारांपुरते पाहिले तर ५९ बाजूने आणि २५ विरोधात होते.

मग २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत जंटलमन्स अॅग्रीमेंट म्हणून ओळखला जाणारा करार झाला. तेलंगणातर्फे रामकृष्णराव, रंगा रेड्डी, चेन्ना रेड्डी आणि जे. व्ही. नरसिंग राव, आंध्रातर्फे गोपाल रेड्डी, संजीव रेड्डी, गौतू लच्चन्ना आणि अल्लुरी सत्यनारायण राजू. या करारातला मोठा भाग मंत्रिमंडळाविषयी आहे. आंध्राचे ६० टक्के मंत्री, तेलंगणाचे ४० टक्के आणि त्या ४० टक्क्यांत एक मुसलमान मंत्री. मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा. गृह, अर्थ, महसूल, नियोजन व विकास, वाणिज्य व उद्योग या पाच खात्यांपैकी किमान दोन तेलंगणाकडे. शिवाय वीस सदस्यांचे प्रादेशिक मंडळ. उर्दूचे स्थान पाच वर्षे टिकवण्याची तरतूदही होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. संजीव रेड्डी मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नेमला गेला नाही. करार मोडायला तिथूनच सुरुवात झाली. याची तुलना दूरच्या एका गोष्टीशी करावीशी वाटते. आयर्लंडमध्ये २०२० साली तीन पक्षांचे सरकार आले, तेव्हा पंतप्रधानपद दोन मोठ्या पक्षांनी आळीपाळीने घ्यावे असे ठरले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मायकल मार्टिन पायउतार झाले आणि ठरल्याप्रमाणे लिओ वराडकर त्या जागी आले. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे हे घराणे. तिथे शब्द पाळला गेला, कारण शब्द मोडला तर सरकारच पडले असते. इथे तेलंगणाचे चाळीस टक्के बाहेर पडले तरी सरकार पडणार नव्हते. १९६९ चे आंदोलन आणि २०१४ चे तेलंगण राज्य यांची मुळे या न पाळलेल्या करारात सापडतात.

राज्यपाल

राज्य संपले त्याच महिन्यात रामकृष्णराव केरळचे पहिले राज्यपाल झाले. घरी ज्यांच्याशी पाच वर्षे झुंजले, त्या कम्युनिस्टांच्या ई. एम. एस. नंबुद्रीपाद सरकारला ५ एप्रिल १९५७ रोजी त्यांनीच शपथ दिली. ३१ जुलै १९५९ रोजी ते सरकार बरखास्त झाले तेव्हाही राज्यपाल तेच होते, आणि या बरखास्तीवरून त्यांच्यावर टीका झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये प्रजा समाजवादी पक्ष आणि काँग्रेस यांचे संयुक्त मंत्रिमंडळ आले. मुख्यमंत्री पट्टम थाणू पिल्लै समाजवादी, उपमुख्यमंत्री आर. शंकर काँग्रेसचे. दिल्लीच्या करारात लिहूनही आंध्रात जे घडले नव्हते, ते केरळात घडताना त्यांनी पाहिले. जुलै १९६० पासून एप्रिल १९६२ पर्यंत ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते, नंतर राज्यसभेचे सदस्य. सप्टेंबर १९६७ मध्ये हैदराबादेत त्यांचे निधन झाले. करार मोडल्याचा संताप रस्त्यावर आला, तो ते गेल्यावर दोन वर्षांनी.

आमचा हिशेब

१९५६ च्या वाटणीत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा आणि कुबेर इकडे आले. पैनगंगेच्या अलीकडचे आम्ही मराठी जिथे होतो तिथेच राहिलो. नातीगोती नदीपलीकडे राहिली आणि रेशनकार्ड अलीकडे.

मराठवाड्याला १९५३ च्या नागपूर कराराने काही आश्वासने मिळाली होती. तेलंगणाला १९५६ च्या कराराने मिळाली. उर्दूलाही एक कलम मिळाले. आमच्यासाठी कोणत्याही करारात एक ओळ नव्हती. साठ टक्क्यांत आम्ही नव्हतो आणि चाळीस टक्क्यांतही कोणी आम्हाला वेगळे मोजले नाही. साडेचार वर्षे ज्यांच्या भाषेचा गृहमंत्री होता, ते एका रात्रीत कोणाच्याच यादीत नसलेले झाले. आजही मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहते, पाठ्यपुस्तके उशिरा येतात, तेव्हा त्यामागे हेच कारण असते. यादीत नाव नसले की आठवण कोणालाच राहत नाही.

रामकृष्णरावांनी त्या करारावर सही करताना आमची आठवण ठेवायला हवी होती, असे आम्हाला वाटते. ज्यांनी तीन भाषा एका मंत्रिमंडळात बसवल्या, त्यांच्याकडून ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. पण तेलुगू माणसाला बोलू न देणारी १९२१ ची सभा आमच्याच भाषकांची होती, आणि ती विसरून त्याच माणसांना बरोबर घेऊन राज्य चालवणारा हा मुख्यमंत्री होता, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. जमेची आणि नावेची अशा दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

मंडळाला आमची एक सूचना आहे. येत्या १३ मार्चला, त्यांच्या जयंतीला, आपल्या वाचनालयात एक छोटा कार्यक्रम ठेवावा. तेलुगू शेजाऱ्यांना बोलवावे आणि मुख्य भाषण तेलुगूत व्हावे. सभागृह मराठी माणसांनी भरलेले असावे आणि भाषण शेवटपर्यंत शांतपणे ऐकले जावे.